बोंडअळीनं सूर बदलला

…नाही, पन मी काय म्हनतो, विचाराले काय जात होतं? एक शब्द! "दिगूभाऊ, आमी आता हळू गानार, तुमाले चालते का?" एवढं विचारलं असतं तं काय जीभ झडली असती का त्याइची? मी नाहीच म्हटलं असतं, थे सोडा, पन विचारा तं खरं! सालोसाल त्याइच्या समोर उभं राहून डोस्कं हालवलं मी, मान गेली माही, पट्टा लागला मानेले, डॉक्टर म्हने काय हमाली करता का, म्या म्हटलं नाही, गानं आयकतो, थो म्हने असं कोनतं गानं हाय बावा ज्यानं मनका सरकते… अन् ज्याइच्यापायी मनका सरकला थे पोट्टे एक दिवस स्टेजवर येते अन् स्टुलावर बसते! स्टुलावर! मेटलवाला कधी बसते का हो? तुमाले सांगतो, पयलेवालं चांगलं होतं.

आता तुमी म्हनसान, कोनते पोट्टे अन् कायचं मेटल. तं आयका. आमच्या अमरावतीत एक बँड होता, मेटलवाला, म्हनजे गानं कमी अन् पोटातून ओरडनं जास्त, नाव 'बोंडअळी'. हासू नका! बाहेरदेशातले बँडवाले सैतानाची, भुताखेताची नावं ठेवतेत, काहून? तं लोकं भेले पायजे. आता वऱ्हाडात सैतानाले कोन भेते, सांगा? सैतान बडनेऱ्याच्या स्टेशनवर उतरला तं लोक त्याले विचारतीन, बावा, तुमच्याकडे पानी-पाऊस कसा काय? पन 'बोंडअळी' म्हना! झोपलेला मानूस उठून बसते. गायक शाकीब, गिटारवर श्याम, अन् ड्रमवर चंद्रभान, थो बार्शीटाकळीवरून येष्टीच्या टपावर ढोल बांधून ये. बस, तिघंच. बेस वाजवाले मानूस नव्हता, कारन बेस मशीन वाजवे.

मशीन म्हनजे शाकीबच्या अब्बाची. अब्दुल सत्तारचाचाचं राजापेठेच्या मागच्या गल्लीत गादी-रजईचं दुकान, दुकानामागं पत्र्याचं शेड, शेडात रुई पिंजाची मशीन. एकदा सुरू झाली का घर्रर्रर्रर्र… समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या तोंडातली कवळी हाले! त्या आवाजाखाली बोंडअळीची प्रॅक्टिस. कोनाले पत्ताच नाही! शेजारी म्हनत, सत्तारभाई, आज मशीन लय कोकलून राह्यली, बेअरिंगमंधी तेल टाका. अरे थी मशीन नव्हती ना! थो शाकीब होता! आमी आयकनारे पोट्टे काळे टी-शर्ट घालून आत जाओ अन् बाहेर येतांनी रुईनं भरून असे पांढरेफटक, जसे कीर्तनाले निघालो. टी-शर्ट म्याच छापले होते. नाव असं छापलं का कोनाच्या बापाले वाचता नाही आलं पायजे, तेच तं खरं मेटल. माह्या मायनं टी-शर्ट धुतांनी पाह्यलं, म्हने, दिगू, हे छातीवर गाजरगवत कायले काढलं रे?

छापले कुठं? तं खुशालरावाच्या प्रेसमंधी. मी तथीच कामाले, कंप्युटरवर पत्रिका जुळवतो. अन् हे जे मी आता बोलून राह्यलो ना भडाभडा, असा मी प्रेसमंधी बोलत नाही. तथी माहा आवाज असा… "हो काका. बसा काका. फोटो कोनता टाकू काका. चहा घेता का काका." बस. पयले बरं होतं. लग्नसराई आली का आमाले जेवाले फुरसत नसे, गनपती, फुलं, केळीचे खांब, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', सगळा घोटाळा, लगीन एकाचं अन् नाव दुसऱ्याचं, मारामाऱ्या… मजा होती! मंग थे सालं आली, कापूस बुडाल्याची, कर्जाची. थे तुमाले मालूम हायेत, मी कायले सांगू. तुळशीचं लगीन होऊन जाये तरी लग्नाच्या पत्रिकावाला दिसे नाही, अन् तेरवीवाले रोज. अन् वय लिहितांनी बोट अडकते हो. तेरवीच्या पत्रिकेत वय कसं पायजे? अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी. मानूस वाचते, म्हनते, जगला म्हातारा. आता येत होतं चौतीस, एकोनतीस. अन् पत्रिका छापाले कोन आला, तं त्याचा बाप. खुशालराव मालक म्हनून सांगे, दिगू, आपन छापनारे हाओत, विचाराचं नाही. म्या म्हटलं, हो साहेब.

मले ना, ओरडताच येत नाही. जन्मापासून. माय सांगते, हे पोट्टं रडे तं पाळण्याजवळ जाऊन पाहा लागे. तं हे सगळं आत जाऊन बसे. सोमवारचं, मंगळवारचं… अन् रविवारी त्या शेडात शाकीब असा वाकला, मशीन घर्रर्र, श्यामची गिटार, अन् शाकीबच्या पोटातून, पार आतड्यातून… "घ्र्राआआआआ!" …का माहा आठवडा खाली! डोये मिटून उभा राहो मी. त्याले मालूम नव्हतं, पन थो माह्यासाठी ओरडे. आता समजलं का, विचाराले काय जात होतं हे मी काहून म्हनतो? दुसऱ्याचं गानं असन, माहं तं औषध होतं.

अन् बदलले कधी? महिनाभर त्याइनं शेडात कोनाले येऊ देल्लं नाही, म्हने अकोल्याची तयारी हाय, अन् बदलले तं नेमकं मले गरज होती त्याच आठवड्यात! शनिवारी एक बाई आली प्रेसमंधी. माणिकबाई. पोराची तेरवी. मी आपलं नेहमीचं, बसा काकू, फोटो काकू. फोटोत पोट्टं हासून राह्यलं, गॉगल घालून. म्हटलं, पट्टी साधी टाकू ना काकू, काळी? थी म्हने, "नाही बावा. फुलं टाक. केळीचे खांब टाक. त्याच्या लग्नाची छापाची राह्यलीच ना." …आता काय करता? टाकले. तेरवीच्या पत्रिकेले केळीचे खांब टाकले म्या. खुशालरावानं चष्म्यावरून पाह्यलं अन् लग्नाच्या पत्रिकेचा जाडा कागद काढून दिला. थी बाई जातांनी माह्या डोक्यावरून हात फिरवून गेली. अन् मी? म्या म्हटलं, हो काकू, सोमवारी घेऊन जा काकू.

तं असा भरलेला मानूस मी, रविवारी निघालो अकोल्याले. तथी एका कॉलेजच्या गॅदरिंगमंधी बोंडअळीचा कार्यक्रम. आमी सगळे येष्टीत, काळे टी-शर्ट, ऊन असं का मूर्तिजापूर येईपर्यंत टी-शर्टाचा रंग पाठीले लागला. समोर जागा धरून उभे. दोन बोटं वर… हे असं, पहिलं बोट अन् करंगळी, ही आमची सलामी. तं तथले एक सर आले, त्याइले करंगळीच दिसली, म्हने जा, जा, मागच्या बाजूले हाय. म्या म्हटलं, राहू द्या सर. पडदा उघडला. अन् पाहतो तं काय… स्टूल! श्यामच्या हातात साधी लाकडी गिटार, वायर नाही, जशी कोनाच्या वाढदिवसाले आनली. चंद्रभानचे ढोल नाही, हातात खंजिरी. खंजिरी! आमच्यातला एक जन तथूनच ओरडला, "अबे, मोझरीले जा मोझरीले, आश्रमात भजनं म्हना!" तं मागं एक काका बसले होते, थे म्हने, मोझरीले तुमीच जा एखांदवेळा, वळन लागन.

अन् शाकीब गायला. हळू. एवढ्या हळू, का शब्द समजत होते! तुमाले सांगतो, सालोसाल मी त्या पोट्ट्याचा भक्त, अन् त्याच्या गान्यात शब्द असतेत हे मले त्या दिवशी मालूम पडलं. "मशीन बंद हाय, अब्बा बसला हाय… रुई उडत नाही, खोकला तरी हाय…" मी वाट पाहून राह्यलो, आता ओरडन, आता ओरडन, हे नुसतं सुरुवातीचं हाय, आता वाकन… वाकलाच नाही! गानं संपलं. टाळ्या! बाजूले एक पोट्टी होती, श्यामची बहीन आकांक्षा, थी डोये पुसून मले म्हने, "किती छान ना, दिगूदादा?" छान! मेटलले छान म्हनते का कोनी? तेरवीच्या जेवनाले 'झकास' म्हटल्यावानी लागलं मले. मी तथून बाहेर आलो. शनिवारपासून जे आत घेऊन गेल्तो ना, थे तसंच्या तसं येष्टीत घेऊन बसलो.

परत येतांनी काय एकेकाचं डोस्कं चाललं! एक म्हने, विकल्या गेले. म्हटलं, अबे, कोनाले? घेनारा कोन हाय इथं? दुसरा म्हने, पोट्टीचा चक्कर हाय, पोट्टी आली का गिटार मऊ होते. तिसरा, थो सायबर कॅफेत बसून बाहेरदेशातलं सगळं वाचे, थो असा नाकातून म्हने, "ही ना, एक प्रक्रिया असते. पहिला अल्बम कडक, दुसरा कडक, तिसऱ्यात पियानो येते, चौथ्यात केस कापते." तं आमाले एकदम आठवलं… श्यामचे केस! कापले होते त्यानं! सगळी येष्टी हळहळली. कंडक्टरनं विचारलं कोन गेलं. म्हटलं, बँड गेला. थो म्हने बँडवाल्याइचे हालच हायेत भाऊ, लग्नंच कुठं हायेत. मंग आमी समिती काढली. आपल्याकडे तीन मानसं नाराज झाली का समिती निघतेच! 'जुनी बोंडअळी कृती समिती'. अध्यक्ष मीच, कारन मान माही गेली होती. ठराव पास, एका आवाजात : पयलेवालं चांगलं होतं.

तं अध्यक्ष या नात्यानं जाब विचाराले गेलो मी सत्तारचाचाच्या दुकानात. अन् पाय ठेवल्याबरोबर काहीतरी चुकलं-चुकलं वाटे. मंग समजलं, आवाज नाही. शेडात मशीनवर चादर टाकलेली. चाचा मशीनजवळ पाटावर बसून, हातात काम नाही, उगाच सुई-दोरा. "आओ बेटा," म्हने, "बैठो. अब बैठनाच है." अन् खोकला. शाकीब बाहेर आला. मी जे ठरवून गेल्तो थे सगळं बोललो, हळू आवाजात, पन बोललो. "शाकीब, ओरडनं काहून सोडलं बे?"

थो म्हने, "दिगूभाऊ, मशीन बंद झाली. लोकाइनं फोमच्या गाद्या घेतल्या. अन् लग्नाच्या गाद्या कोन भरते आता? पयले कास्तकार पोरीच्या आंदनासाठी घरच्या वावरातली रुई ठेवे, बैलगाडी भरून आनून टाके. आता रुईबी नाही ठेवत, लगीनबी नाही लागत. मशीन नाही तं ओरडू कसा? पहिल्या दिवशी ओरडलो ना, मशीन नसतांनी, तं बाजूचे काका चप्पल न घालता धावत आले. मागून अर्धी गल्ली. बाया रडाले लागल्या. म्हने, कोन गेलं? कोनी काय पेलं?"

…घ्या. त्या सालात घरातून ओरडनं आलं म्हनजे लोकाइले एकच समजे. पन अध्यक्ष होतो ना! माह्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, म्हनजे तुले मशीनच पायजे ना? गाद्या आल्या का मशीन सुरू, मशीन सुरू का ओरडनं सुरू! शाकीब काही म्हनत होता, थे आयकाले मी थांबलोच नाही. समितीची बैठक. आदेश : प्रत्येकानं घरची गादी आनाची.

तुमाले सांगतो, राजापेठेनं असा मोर्चा कधी पाह्यला नसन. भर बाजारातून काळे टी-शर्टवाले पोट्टे, लंबे केस, कानात बाळी, अन् डोक्यावर गाद्या! फुलाफुलाच्या खोळी! एकानं तं आजीखालची ओढून आनली, आजी दारात उभी राहून शिव्या देऊन राह्यली. ट्यूशनचे पोट्टे विचारत, काका, होस्टेल खाली केलं का? माह्या घरी तं माय गादीवर बसूनच राह्यली. "हे माह्या आंदनातली हाय, दिगू! माह्या बापाच्या वावरातली रुई हाय! मागच्याच साली पिंजली!" म्हटलं, माय, पुन्हा पिंजली तं मऊ होते. थी म्हने, मले मऊ नाही पायजे, मले गादी पायजे. पन दिली शेवटी. मायनं दिली.

चाचानं ढीग पाह्यला. एकेक गादी दाबून पाह्यली. "इसमें तो कुछ खराब नहीं है बेटा." म्हटलं, चाचा, पिंजा तुमी. चाचानं चादर काढली, तेल टाकलं, हात लावून बिस्मिल्ला म्हटलं… घर्रर्रर्रर्रर्र! आहाहा! रुई उडाली, आमी पांढरे झालो, समोरच्याची कवळी हालली, चाचा हासला, सालभरात पहिल्यांदा! नईमाचाची, शाकीबची अम्मी, सगळ्याइले चहा घेऊन आली. चंद्रभान ढोल घेऊन आला. आमी दोन बोटं वर करून उभे. मी डोये मिटले. माणिकबाई आली डोळ्यासमोर. म्हटलं, आता शाकीब, आता. खाली कर बावा मले.

काहीच नाही.

डोये उघडून पाहतो तं शाकीबचं तोंड हालून राह्यलं अन् आवाज काही नाही. थो हळूच गाऊन राह्यला होता! मशीनखाली! नुसते ओठ! आमी ओरडलो "जुनं! जुनं म्हन!" तं त्यानं मान हालवली. मशीन थांबल्यावर मी म्हटलं, अबे, आता तं मशीन होती, आता काहून नाही ओरडला? थो म्हने, "भाऊ, तुमी त्या दिवशी पूर्न आयकलंच नाही. इतकी सालं मी मशीनखाली काय ओरडत होतो, घरात कोनाले समजलं नाही. मशीन बंद झाली, मी हळू गायलो, तेव्हा अम्मीनं पहिल्यांदा आयकलं. थी आत आली अन् म्हने, बेटा, हे तू अब्बाचं गाऊन राह्यला ना? फिरसे गा. माह्या अम्मीनं मले आजपर्यंत कधी 'फिरसे गा' म्हटलं नव्हतं, दिगूभाऊ. आता मी कसा ओरडू?"

नईमाचाची दारात उभी होती, रिकामे कप घेऊन. थी म्हने, "दिगू बेटा, तुमने ठीक से सुना नहीं. बैठके सुनो." बैठके! सगळ्याइले बसवाचीच पडली होती! मले राग आला. खरा राग. म्हटलं, तुमाले आयकाले मानूस भेटला म्हनून तुमी हळू झाले, ठीक हाय, पन ज्याले कोनीच नाही भेटलं त्यानं काय कराचं? …म्हटलं म्हनजे, मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, चहा छान झाला चाची.

मंग समिती फुटली. फुटनारच. एक जन म्हने मले आता नवीनच आवडते, त्याले काढून टाकलं. दुसऱ्याच्या घरी गादी परत आली तं अर्धी रुई उडून गेल्ती, बापानं त्याले वळकटीवानी गुंडाळलं. सायबर कॅफेवाला पुन्याले गेला नोकरीले, त्यानंच केस कापले. अन् बोंडअळीचं म्हनाल तं त्याइले लय बोलावनी येऊन राह्यली, शाळा, कॉलेज, गावोगाव. जथी जातेत तथी बाया रडतेत, म्हनतेत फिरसे गा. चांगलं हाय. होऊ द्या त्याइचं चांगलं. मी फक्त म्हनतो, पयलेवालं चांगलं होतं.

अन् माहं काय? तं माहं आयका. एक दिवस माणिकबाई पुन्हा आली प्रेसमंधी. मी भेलो, म्हटलं आता कोन. पन थी पत्रिका छापाले नव्हती आली. एक पत्रिका होती हातात, थी केळीच्या खांबाची, घडी पडून-पडून मऊ झालेली. म्हने, "बावा, सगळे म्हनत होते, पत्रिका लय छान झाली." छान! पुन्हा छान! म्या म्हटलं, हो काकू. अन् प्रेसमधून निघालो, घरी गेलो, माय देवळात गेल्ती, गादी उचलली, डोक्यावर घेतली अन् सरळ चाचाचं दुकान. "फिर लाया?" चाचा म्हने, "बेटा, इसमें अब रुई कम, दुआ ज्यादा है." म्हटलं, चाचा, मशीन सुरू करा. फक्त सुरू करा.

घर्रर्रर्रर्र… अन् मी वाकलो. शाकीब वाके तसा. तोंड उघडलं… अन् आलं हो! माह्या पोटातून! कुठून आलं मालूम नाही! एकोनतीसवाला आला, चौतीसवाला आला, गॉगलवालं पोट्टं आलं, केळीचे खांब आले, सगळे 'हो काका' उलटे होऊन आले! "घ्र्राआआआआ!" घसा फाटला, डोयातून पानी, मान पुन्हा सरकली… अन् मशीन थांबेपर्यंत मी खाली बसलो होतो, रुईत, पांढरा. हलकं वाटलं. कधी नव्हे एवढं हलकं. म्हटलं, चला, आपल्यालेबी जमलं.

चाचा हळूच जवळ आला. माह्या केसातली रुई काढली. पाण्याचा गिलास दिला. मंग दाराकडे पाह्यलं, शाकीब नाही ना कुठं, अन् माह्या कानाजवळ येऊन म्हने, "बेटा, बुरा मत मान… सब सुना मैंने. इतने साल मशीन के पास खड़ा हूँ ना… आवाज पहचानता हूँ. शाकीब का अलग था. पयलेवाला अच्छा था."

म्या म्हटलं, हो चाचा. चहा घेता का चाचा.